सुरवंटाचा सातवा खांब

५ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली.

पत्र बघून तुला वाटेल, दादाचं डोकं ठिकाणावर आहे ना? तर आहे. फोनचं आणि माझं जमत नाही. कामावर तो कपाटात कुलूप लावून ठेवावा लागतो आणि घरी आल्यावर त्याच्याकडे बघावंसं वाटत नाही. शाळेत बाईंनी मारून मुटकून वळवून घेतलेलं अक्षर आहे, म्हटलं ते तरी वापरू.

बातमी मोठी आहे. आमचं मनोरंजन उद्यान वाढतंय. मागच्या तळ्यापर्यंतची सगळी मोकळी जागा आत घेतली, कुंपण पुढे सरकवलं, आणि तिथे नवी रोलर कोस्टर येतेय. नाव 'सुरवंट'. हसू नकोस. हिरवे डबे, पहिल्या डब्याला दोन बटबटीत डोळे आणि मिशा. साहेब तिला 'कौटुंबिक' म्हणतात, म्हणजे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी एकाच गाडीत बसून एकदम ओरडायचं. नव्वद सेंटिमीटर उंची भरली की मूल आत. माझी म्हातारी, म्हणजे ज्या जुन्या कोस्टरवर मी तेवीस वर्षं काढली ती, अजून एक हंगाम चालेल, मग तिला कापून भंगारात घालणार. त्याबद्दल काय वाटतं ते विचारू नकोस.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सुरवंटाच्या रुळांची रोजची तपासणी कुणाच्या हाती द्यायची, यावर बैठक झाली आणि नाव निघालं तुझ्या भावाचं. मुख्य फिटर! बाबा असते तर चार घरी सांगून आले असते. मला सांगायला तूच आहेस, आणि तू दोन वर्षं माझ्याशी धड बोलत नाहीस. काय बिनसलं ते मला खरंच कळत नाही. सुट्टीत भाचीला घेऊन ये, म्हणजे समोरासमोर भांडता येईल.

तुझा,
दादा

---

१९ फेब्रुवारी

दादा,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, समजून घे.

काय बिनसलं ते कळत नाही म्हणतोस, कमाल आहे तुझी. दोन वर्षांपूर्वी मी तुला फोन केला होता. तुझ्या भाचीचे बाबा घर सोडून गेल्याला तेव्हा तीन दिवस झाले होते. मी सगळं सांगितलं, रडले, आणि शेवटी विचारलं, "दादा, हिला घेऊन तुझ्याकडे येऊ का?" तू म्हणालास, "हो हो, बरंय. काळजी घे. ठेवतो." आणि ठेवलास! मी तो फोन हातात घेऊन किती वेळ उभी होते ते मलाच माहीत. त्यानंतर मी दहा वेळा फोन केला असेल. तू उचलला नाहीस. कुणी तोंडावर दार लावलं तर माणूस आणखी किती वेळा ठोठावणार?

तर आम्ही दोघी इथेच राहिलो. मी शाळेच्या बसवर काम धरलं. सकाळी चौतीस मुलं चढवायची, शाळेत चौतीस उतरवायची, दुपारी परत तेच. पोरं मला 'बसबाई' म्हणतात. आमचं बरं चाललंय, काळजी नसावी.

मुख्य फिटर झालास, अभिनंदन. हे मनापासून लिहितेय, राग असला तरी. लहानपणी माझ्या सायकलची चेन बसवताना तू जीभ बाहेर काढायचास, तसाच अजून काढत असशील. सुरवंटाला मिशा कशाला लावल्या ते मात्र साहेबांना विचार.

बहीण

---

४ मार्च

प्रिय खारूताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या फोनबद्दल काय सांगू? त्या दिवशी घाईत होतो, लक्ष नव्हतं. तू काय बोललीस ते मला आठवत नाही, आणि हे लिहितानाही लाज वाटते. पण तू येऊ का विचारशील आणि मी नाही म्हणेन, हे तुला खरं वाटलंच कसं? मला दोन खोल्या आहेत. एकीत मी, दुसरीत माझी अवजारं. अवजारं बाहेर काढली असती.

आता त्यावर पडदा टाक आणि सुट्टीत ये. इथे बघण्यासारखं खूप आहे. सुरवंटाचे खांब उभे राहिले, रूळ चढले. माणसं बसवण्याआधी पाणी भरलेले प्लास्टिकचे पुतळे बसवून गाडी फिरवतात. आमच्या नव्या इंजिनियरने, मी त्याला चष्मेवाला म्हणतो, कौटुंबिक गाडी म्हणून एका पुतळ्याला बायकी टोपी घातली. पहिल्या वळणावर टोपी उडाली आणि तळ्यात पडली. सगळे म्हणाले, आजी बुडाली.

चष्मेवाल्याकडे नट तपासायचं विजेचं यंत्र आहे, ते पडद्यावर आकडे दाखवतं. माझ्याकडे बाबांची हातोडी. रोज सकाळी सहाला म्हातारीवर चढतो आणि प्रत्येक नटावर एक टोला घालतो. घट्ट नटाचं बोलणं वेगळं आणि ढिल्याचं वेगळं. साहेबांनी चष्मेवाल्याला माझ्याकडे शिकायला पाठवलंय. शिकतो कसला, मोबाइल बघत बसतो.

कधी येतेस ते कळव. मी स्टँडवर उभा राहीन.

दादा

---

२१ मे

प्रिय दादा,

सुखरूप पोचलो. भाची अजून सगळ्यांना सांगतेय की मामा आकाशात चालतो.

दादा, तुला ऐकू येत नाही.

लिहून टाकलं एकदाचं. चार दिवस तुझ्याकडे राहिले, पण तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. पहिल्या दिवशी भाची तुझ्या पाठीमागे उभी राहून "मामा, मामा" करत घसा फोडत होती, शेवटी तिने तुझा शर्ट ओढला. दुसऱ्या दिवसापासून तिने हाक मारणं सोडून दिलं, सरळ शर्टच ओढायची. सात वर्षांच्या पोरीला जे एका दिवसात कळलं ते मला मोठ्या बाईला कळायला कुकरच्या अकरा शिट्ट्या लागल्या. तू शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होतास, आणि भात खाली लागला होता. तू जेवायला नेहमी भिंतीला पाठ लावून बसतोस, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतात. किती वर्षं हे नाटक करतोयस रे?

आणि मग मला तो फोन आठवला. मी तुझ्या दगडी काळजावर दोन वर्षं रुसून बसले होते, आणि तू पलीकडे काहीही न ऐकता "हो हो" म्हणत होतास. मला माफ कर. खूप रडले इथे येऊन, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही.

पण आता दुसरी गोष्ट, आणि ती मला सोडवत नाही. शेवटच्या सकाळी तू आम्हाला कुंपणाशी उभं केलंस आणि म्हातारीवर चढलास. चढणीच्या मध्यावर तुझ्या पट्ट्यातून पाना निसटला. तीन रुळांवर आपटत, एवढा मोठा खणखणाट करत तो खाली आला. सगळे वर बघायला लागले. खाली झाडणारी बाई किंचाळून मागे सरकली, तिच्यापासून तो हातभर अंतरावर पडला. आणि तू वर शांतपणे पुढच्या नटावर टोला घालत होतास. मान डोलावलीस आणि पुढे गेलास.

कशाला मान डोलावलीस, दादा? काय ऐकलंस?

तू स्वतः साहेबांना सांग. कानाला यंत्र मिळतं, दुसरं काम मिळतं. तेवीस वर्षं काम केलेल्या माणसाला कुणी रस्त्यावर टाकत नाही. पण सांग. सुरवंटावर नव्वद सेंटिमीटरची मुलं बसणार आहेत.

तुझी,
खार

---

२९ मे

खारूताई,

पान्याचं मला माहीत नव्हतं. त्या बाईला जाऊन विचारलं, ती म्हणाली हातभरच होता. तिची माफी मागितली. आता प्रत्येक अवजाराला दोरी बांधतो.

बाकीचं ऐक. डावा कान जाऊन सहा वर्षं झाली, उजवा तीन वर्षांपूर्वी गेला. तुझा तो फोन आला तेव्हा गोधडीखालून कुणी बोलावं तसा आवाज येत होता. तू आहेस एवढं कळलं. रडतेस की हसतेस ते कळलं नाही. 'काय म्हणालीस?' असं किती वेळा विचारणार? म्हणून हो हो म्हटलं. तुझ्याशी खोटं बोललो, कारण एकीला सांगितलं की चौघांना कळतं.

पण नटांच्या बाबतीत मी कुणाशी खोटं बोललो नाही. टोला घालताना माझा डावा तळहात रुळावर असतो, तू बघितलं असशील. घट्ट नट हाताला एकदा टोचतो आणि गप्प बसतो. ढिला नट तळहातात गुदगुल्या करत राहतो. कानाने तपासायचो तेव्हा वर्षाला एखादा सुटायचा, नंतर सापडायचा. हाताने तपासायला लागल्यापासून एकही सुटलेला नाही. हे मी कुणाला सांगू? साहेबांना सांगितलं तर ते म्हणतील, मामा, डॉक्टरकडे जा. कंपनीचा डॉक्टर दरवर्षी समोर बसून तेच पाच प्रश्न विचारतो, मला उत्तरं पाठ आहेत.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आता मागतो. कुणाला काही बोलू नकोस. सुरवंट सुरू होऊ दे, तो माझ्या हातून सुरू होऊ दे. एकदा सगळे बघू देत की चष्मेवाल्याच्या यंत्राला जे सापडत नाही ते मला सापडतं. मग मी स्वतः जाऊन सांगेन. तुला माझी शपथ आहे.

दादा

---

९ जून

प्रिय दादा,

मी साहेबांना पत्र लिहिलं. आज सकाळी पेटीत टाकलं आणि मगच तुला लिहायला बसले, म्हणजे मन बदलायला वाव राहायला नको.

तू मला शिव्या घालशील. घाल. पण का लिहिलं ते वाच. गेल्या वर्षी एका सकाळी ड्रायव्हर म्हणाला, सगळे उतरले, चला. मलाही अगदी खात्री होती. डोळ्यांदेखत उतरले होते. तरी मोजले तर तेहेतीस भरले. चौतिसावी मुलगी शेवटच्या सीटखाली झोपली होती, आणि बस दिवसभर उन्हात उभी राहणार होती. त्या दिवसापासून मी कुणाच्याच खात्रीवर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही नाही. तुझा हात खरं सांगत असेल. नसेलही. मला ते कळायला मार्ग नाही, आणि तुलाही नाही. तो पाना पडला हेही तुला माझ्या पत्रातून कळलं!

साहेबांना मी लिहिलंय की याला काढू नका. याच्यासारखा फिटर तुम्हाला मिळणार नाही. कान तपासा, यंत्र द्या, बरोबर एक माणूस द्या. खूप सांभाळून लिहिलं. चार वेळा फाडून परत लिहिलं.

तुझी शपथ मोडली. भाचीला जवळ घेऊन झोपले आणि मोडली.

तुझी,
खार

---

२ ऑगस्ट

दादा,

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. तू वाचतोस की तसंच बाजूला टाकतोस?

वर्तमानपत्रात सुरवंट सुरू झाल्याची बातमी आली. मोठा फोटो आहे. हिरवी गाडी, फुगे, ओळीने उभे असलेले फिटर आणि इंजिनियर, पुढे सुरवंटाचा वेश घातलेला कुणीतरी मुलांना हात करतोय. भाचीने प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून बघितलं. त्यात तू नाहीस. तू कुठे आहेस ते तरी कळव. शिवी लिहून पाठव, पण पाठव.

खार

---

२० ऑक्टोबर

ताई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. फोटोत मी आहे. पुढे जो सुरवंट हात करतोय, तो मी.

सांगतो क्रमाने. तुझं पत्र साहेबांना पोचलं त्याच आठवड्यात मला शहरातल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने मला एका बंद खोलीत बसवून कानाला काहीतरी लावलं आणि म्हणाला, आवाज आला की बटण दाबा. मी बटण दाबायचं ठरवलंच होतं, पण केव्हा दाबायचं ते कळायला हवं ना. मग साहेबांनी म्हातारी दोन दिवस बंद ठेवली आणि चष्मेवाल्याच्या यंत्राने तिचे सगळे नट तपासून घेतले. एकही ढिला निघाला नाही. तुझ्या माहितीसाठी सांगतो, एकही नाही. साहेब वाईट माणूस नाही. म्हणाला, मामा, मला तुमचं पटतं हो, पण हे आता लेखी आलंय. लेखी आलेलं मला फाडता येत नाही. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न मला विचारतील की घरच्या माणसाने कळवूनही तुम्ही काय केलं? तू मागितलेलं कानाचं यंत्रही दिलं. त्यात साखळीची घरघर तेवढी येते, माणसाचं बोलणं येत नाही.

काढलं मात्र नाही, तू लिहिलं होतंस तसंच. माझ्यासाठी असं काम शोधलं जिथे ऐकू यायची गरज नाही. हिरवं, केसाळ, सहा जोड्या खोट्या पायांचं, डोक्यावर मिशा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मुलं येऊन बिलगतात, आया फोटो काढतात. परवा चष्मेवाला मला ओळखून हसला आणि मग त्यालाच कसंतरी झालं, त्याने मान फिरवली. मी तुला दोष देत होतो. अजून देतो. खोटं कशाला लिहू?

पण हे पत्र त्यासाठी नाही. इतक्या दिवसांनी लिहितोय ते दुसऱ्या कारणाने.

ताई, तो वेश फार जड आहे. दुपारी मी मोठ्या वळणाच्या खाली सातव्या खांबाला टेकून उभा राहतो. गेल्या आठवड्यात हाताला घाम आला म्हणून हातमोजा काढला आणि हात खांबावर ठेवला. वरून गाडी गेली. तळहाताला गुदगुल्या झाल्या. गाडी निघून गेली तरी होत राहिल्या. आठ दिवस रोज बघतोय. सहाव्या खांबाला नाहीत, आठव्याला नाहीत. सातव्याला आहेत, आणि वाढताहेत. माथ्याजवळचा नट असणार, आतल्या बाजूचा.

चष्मेवाल्याला सांगितलं. त्याने पडदा दाखवला, सगळीकडे हिरवे दिवे. त्याने कागदावर लिहून दिलं, 'यंत्र ठीक म्हणतं.' साहेबांकडे गेलो, त्याच वेशात, डोकं काखेत धरून. त्यांनी तुझं पत्र असलेली फाइल काढली, उघडलीसुद्धा नाही, नुसती माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, मामा, तुम्ही तपासणीला अपात्र आहात, परत रुळाला हात लावलात तर मला नाइलाज होईल. त्यांचे ओठ मला स्पष्ट वाचता आले.

एका फेरीला चोवीस माणसं बसतात. दिवसाला साठ फेऱ्या होतात. मोजणं तुला कळतं.

माझं म्हणणं तिथे कुणी घेत नाही. तुझं घेतात, हे आपण बघितलंय. तू लिही. सातवा खांब, माथा, आतली बाजू. उशीर करू नकोस.

दादा

---

११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी लिहिलं. खांबाचा नंबर, जागा, तू सांगितलंस तसं सगळं. म्हातारीच्या नटांचंही लिहिलं, की हा माणूस हाताने तपासायचा आणि तुमच्याच यंत्राला त्यात एक चूक सापडली नाही. शेवटी हात जोडून लिहिलं की एकदा शिडी लावून बघा, एवढंच मागते.

तुझ्यापासून लपवत नाही. लिहिताना माझ्या मनात आलं की तुझा हात खरं बोलतोय की तुझा राग? तुला त्यांना खोटं पाडायचंय का? मला कळलं नाही. मग वाटलं, जूनमध्येही मला कळत नव्हतंच, आणि तेव्हा मी तुझ्याविरुद्ध लिहिलं होतं. आता तुझ्या बाजूने लिहायला खात्री मागत बसले तर मी कसली बहीण? म्हणून लिहिलं. चार दिवसांनी फोन केला, तर साहेब बैठकीत. परत केला, परत बैठकीत.

शनिवारच्या गाडीने मी येतेय. भाचीला शेजारणीकडे ठेवते. रविवारी फाटक उघडायच्या आधी मी बाहेर उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येक आईला सांगेन, सुरवंटावर बसू नका. वेडी म्हणतील, हुसकून लावतील. तुझी नोकरीही जाईल, दादा, हे लक्षात घेऊन येतेय. तू वेश घालून सातव्या खांबापाशीच थांब, कुणी काही म्हणो.

त्यांचं उत्तर काल आलं. छापील कागद आहे, खाली सही. जसंच्या तसं उतरवते:

'आपले पत्र मिळाले. आपल्या बंधूंच्या श्रवणदोषाविषयी आपण केलेल्या तक्रारीची दखल याआधीच घेण्यात आली असून त्यांना तपासणीच्या कामावरून दूर करण्यात आले आहे. तरी आपण निश्चिंत असावे. सुरक्षेबाबत आपण दाखवलेल्या जागरूकतेबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.'

खांबाबद्दल त्यात एक अक्षर नाही. माझं दुसरं पत्र त्यांनी उघडलं, वर माझं नाव बघितलं, आणि पहिल्याला टाचून ठेवलं.

तुझी,
खार